स्वतंत्र रॅपरच्या सर्व ध्वनिमुद्रणांचे डिजिटल जतन कसे करावे?

कोरीपाटी यांचा प्रश्न

माझा एक मित्र पंधराहून अधिक वर्षे स्वतंत्रपणे रॅप करत आहे. त्याच्या पाठीशी कधीही कोणती संगीत कंपनी नव्हती. शब्द त्याचे, आवाज त्याचा, बीट (गाण्यामागचे वाद्यसंगीत) कधी ओळखीच्या निर्मात्यांनी दिलेले तर कधी इंटरनेटवरून परवाना घेऊन मिळवलेले, आणि प्रसिद्धी त्या त्या काळी जे संकेतस्थळ चलतीत असेल त्यावर. अल्बम, मिक्सटेप, सुटी गाणी, इतरांच्या गाण्यांत म्हटलेली कडवी आणि रेडिओवरचे फ्रीस्टाइल असे सगळे धरले तर सुमारे दोनशे ध्वनिमुद्रणे होतील. त्यांतील काही जुन्या हार्ड डिस्कवर आहेत, काही सीडी-आरवर, काहींची फक्त एमपी३ प्रत उरली आहे आणि काही तर केवळ व्हिडिओच्या संकेतस्थळावर ऐकू येतात. मध्यंतरी एका वितरण सेवेचे वार्षिक शुल्क भरायचे राहिले आणि दोन अल्बम सर्व स्ट्रीमिंग मंचांवरून नाहीसे झाले, तेव्हापासून हे काम हाती घ्यावे असे आम्हा दोघांच्याही मनात आहे.

मला विचारायचे आहे ते असे: फाइल कोणत्या स्वरूपात ठेवाव्यात, रेकॉर्डिंगची सेशनेही (सॉफ्टवेअरमधील कामाच्या मूळ फाइल) जपावीत की अंतिम गाणे पुरेसे आहे, आणि हा संग्रह सर्वांसाठी खुला करावा की आपल्यापाशीच ठेवावा? मी संगणकाच्या क्षेत्रातला आहे, परंतु ध्वनी आणि अभिलेख या दोन्ही बाबतींत नवखा आहे, म्हणून कारणांसह उत्तर मिळाले तर अधिक उपयोग होईल.

ध्वनिपट्टी यांचे उत्तर

स्वरूपाचा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो नंतर घेतो. पहिले काम गोळा करण्याचे आहे, आणि ते करताना वर्गीकरण, नावे बदलणे, नकोशा फाइल काढणे यांपैकी काहीही करू नये. कोणती फाइल निरुपयोगी आहे हे सर्व फाइल शेजारी शेजारी आल्याशिवाय कळत नाही. 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल खरे' अशा नावांच्या तीन प्रतींपैकी प्रसिद्ध झालेली कोणती, हे तर ऐकूनही पटकन सांगता येत नाही.

गोळा करण्याचा क्रम माध्यमाच्या धोक्यानुसार ठरवावा. सीडी-आर सर्वांत आधी वाचाव्यात, कारण त्यांत माहिती रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेली असते, तो थर कालांतराने निकामी होतो, आणि लेबलाच्या बाजूला परावर्तक थराचे रक्षण करणारे लाखेसारखे लेपन फारच पातळ असते. ऑडिओ सीडी असेल तर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा सीडीपॅरानोइया यांसारख्या साधनाने वाचावी. यांपैकी पहिले साधन आपल्या वाचनाची इतरांच्या वाचनाशी तुलना करण्यासाठी एक सार्वजनिक माहितीसाठा वापरू शकते, पण एखाद्या स्वतंत्र कलाकाराने घरी बर्न केलेली सीडी त्यात सापडण्याची शक्यता जवळपास नाही; म्हणून प्रत्येक सीडी दोनदा, शक्य असल्यास दोन वेगळ्या ड्राइव्हवर वाचून निकाल जुळतात का ते पाहावे. डेटा सीडी असेल तर सुट्या फाइल न उचलता संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी. त्यानंतर जुन्या हार्ड डिस्क, मग ई-मेलमधील जोडपत्रे, आणि मग मास्टरिंग करणाऱ्या व्यक्तीकडे, बीट देणाऱ्या निर्मात्यांकडे व सहगायकांकडे विचारणा. वितरण सेवांना बहुधा वेव्ह किंवा फ्लॅक या, ध्वनीतले काहीही न गाळणाऱ्या स्वरूपातील फाइलच पाठवलेली असते, त्यामुळे खाते बंद करण्याआधी तिथून मूळ फाइल, मुखपृष्ठे आणि विक्रीचे अहवाल परत मिळतात का, हे लेखी विचारून घ्यावे.

आता स्वरूप. एकाच ध्वनिमुद्रणाच्या अनेक प्रती हाती लागल्या तर २४ बिटांचे मास्टर (प्रसिद्धीसाठी तयार केलेली अंतिम मूळ प्रत) सर्वांत वरचे, त्यानंतर सीडीवरून अचूक उतरवलेली १६ बिटांची ४४.१ किलोहर्ट्झची प्रत, मग एमपी३, आणि व्हिडिओ संकेतस्थळावरून घेतलेला ध्वनी सर्वांत शेवटी. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी काही चढवले असेल तर तेथून फ्लॅक किंवा वेव्ह प्रत पुन्हा उतरवता येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. व्हिडिओ मित्राच्या स्वतःच्या खात्यावर असतील तर आधी खात्यातील आपली सर्व माहिती एकत्र उतरवून घेण्याचा मार्ग अवलंबावा, कारण बाहेरून उतरवलेला ध्वनी संकेतस्थळाने पुन्हा दाबलेला असतो. तो मार्ग नसेल तर ऑपस किंवा एएसी ज्या स्वरूपात मिळेल त्याच स्वरूपात ठेवावा, त्याचे एमपी३ करू नये. असे प्रत्येक रूपांतर आवाजातले आणखी काहीतरी काढून टाकते.

एमपी३ची वेव्ह करून तिला मास्टर म्हणून ठेवण्याचा मोह फार जणांना होतो, तो तेवढा टाळावा. एमपी३ करताना जे गेले ते परत येत नाही, फक्त फाइल फुगते आणि पुढच्या माणसाची दिशाभूल होते. एखादी वेव्ह खरोखर मूळ आहे का, याची शंका असेल तर स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वारंवारतेचा आवाज किती आहे हे दाखवणारे चित्र) पाहावा: १२८ केबीपीएसच्या एमपी३मधून आलेल्या फाइलमध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर आवाज सुरीने कापल्यासारखा थांबलेला दिसतो.

अंतिम गाण्यांसाठी फ्लॅक पुरेसे आहे. ते खुले स्वरूप आहे, २००१पासून वापरात आहे, आणि २०२४मध्ये आयईटीएफ या इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेने त्याचे तपशीलपत्र आरएफसी ९६३९ या क्रमांकाचा दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध केले. त्याचा आणखी एक गुण जतनासाठी मोलाचा आहे: फाइलच्या आरंभी मूळ ध्वनीचा एमडी५ चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) लिहिलेला असतो, त्यामुळे ध्वनी बिघडला आहे का हे फाइल स्वतःच सांगू शकते, आणि टॅग बदलले तरी तो आकडा बदलत नाही. फक्त ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटच्या फाइल फ्लॅकमध्ये बसत नाहीत. त्या वेव्हच ठेवाव्यात.

जागेची चिंता करू नये. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ अशा ध्वनीला मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट लागतात. चार मिनिटांची दोनशे गाणी म्हणजे न दाबताही १४ गिगाबाइट. एवढे तर साध्या पेन ड्राइव्हवर मावते, अर्थात जतनासाठी पेन ड्राइव्हवर विसंबू नये.

मिक्सखोली यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण सेशनचा प्रश्न त्यात सुटून गेला आहे आणि माझ्या मते खरी गुंतागुंत तिथेच आहे.

सेशन फाइल म्हणजे बहुधा नुसता सांगाडा असतो. तिच्यात ध्वनी नसतो. कोणता ध्वनी कुठे ठेवला, त्यावर कोणते प्लगइन (आवाजावर परिणाम करणारे जोड-प्रोग्राम) लावले आणि त्यांची बटणे किती फिरवली, एवढेच लिहिलेले असते. ध्वनिफाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये, सॅम्पल (इतर ध्वनिमुद्रणांतून घेतलेले तुकडे) तिसऱ्या डिस्कवर, आणि प्लगइन अशा एखाद्या संगणकावर जो आता सुरूही होत नाही. मॅकवर २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिटांचे प्रोग्राम चालणे बंद झाले, आणि त्या एका बदलाने असंख्य जुनी सेशने अर्धवट उघडू लागली. म्हणून दहा वर्षांपूर्वीचे सेशन आज नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्याच जागी जतन करणे हा सर्वांत घातक प्रयोग आहे: सॉफ्टवेअर हरवलेले प्लगइन गाळू शकते आणि तीच फाइल पुन्हा लिहिते. आधी प्रत काढावी, मूळ फाइल केवळ वाचता येईल, बदलता येणार नाही अशी करावी आणि मगच उघडावी.

सेशन उघडलेच तर पहिल्यांदा सर्व ध्वनिफाइल एकत्र करून घ्याव्यात. एबलटन आणि एफएल स्टुडिओ या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहेत. त्यानंतर प्रत्येक ट्रॅक एकाच शून्य बिंदूपासून शेवटपर्यंत सलग वेव्ह म्हणून बाहेर काढावा, जेणेकरून भविष्यातील कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये या फाइल एकाखाली एक ठेवल्या की गाणे आपोआप जुळेल. ग्रॅमी पुरस्कार देणाऱ्या रेकॉर्डिंग अकॅडमीच्या निर्माते व अभियंते विभागाच्या शिफारशीही याच धर्तीच्या आहेत. आवाजाचे ट्रॅक दोनदा काढावेत, एकदा कोणताही परिणाम न लावता आणि एकदा मिक्समध्ये वाजतात तसे. मुख्य आवाज, डबल (त्याच ओळी पुन्हा म्हटलेला आवाज) आणि ॲडलिब (मध्ये मध्ये टाकलेले उद्गार) वेगवेगळे राहिले पाहिजेत, कारण रॅपमध्ये कामगिरीचा निम्मा जीव त्या मागच्या हुंकारांत असतो आणि नंतर ते मिक्समधून नीट वेगळे करता येत नाहीत. गाण्याचा वेग, स्वर, सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती आणि प्लगइनची यादी एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहावी. मिडी (कोणता स्वर केव्हा वाजवायचा याच्या नोंदींची फाइल) असेल तर तीही. वीस मोनो ट्रॅक धरले तर चार मिनिटांच्या गाण्याला सुमारे ७०० मेगाबाइट लागतील, म्हणजे दोनशे गाण्यांना १४० गिगाबाइटच्या आसपास. आजच्या डिस्कच्या मानाने हेही काही अवघड नाही.

रॅपच्या सेशनांत नेहमी आढळणारी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अनेकदा सेशनमध्ये बीटचे वेगवेगळे ट्रॅक नसतातच. असते ती इंटरनेटवरून उतरवलेली एकच स्टीरिओ फाइल, बहुतेक वेळा एमपी३, आणि तिच्यावर आवाज. अशा वेळी बीटची ती फाइल, निर्मात्याच्या नावाची हाक असलेली आणि नसलेली अशा दोन्ही रूपांत, आणि परवान्याचा कागद किंवा ई-मेल, या तीन गोष्टी सेशनपेक्षाही महत्त्वाच्या ठरतात. निर्मात्याकडे वेगळे ट्रॅक अजून असतील तर आजच मागावेत. दहा वर्षांपूर्वी बीट विकणारा मुलगा आता दुसऱ्याच व्यवसायात असण्याची शक्यता बरीच असते.

मूळ सेशन फाइलही फेकू नये, पण तिच्यावर विसंबूही नये. २०२३मध्ये बिटविग आणि प्रिसोनस या संगीत सॉफ्टवेअरच्या कंपन्यांनी डॉप्रोजेक्ट नावाचे खुले देवाणघेवाणीचे स्वरूप आणले आहे. आपले सॉफ्टवेअर ते देत असेल तर एक प्रत त्यात काढून ठेवायला हरकत नाही. सगळ्या दोनशे गाण्यांसाठी ही उठाठेव करावी असे मात्र मला वाटत नाही. मित्राला बसवून तीस-चाळीस गाणी निवडून घ्यावीत आणि उरलेल्यांचे फोल्डर जसेच्या तसे ठेवावेत.

नोंदवही यांचे उत्तर

मी ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहात काम केले आहे, त्यामुळे माझा भर वेगळ्या जागी आहे. वरच्या दोन्ही उत्तरांत फाइल वाचवण्याची चिंता आहे आणि ती योग्यच आहे, परंतु अशा संग्रहांतून सर्वांत आधी नाहीशी होते ती माहिती. ध्वनी शाबूत राहतो. मात्र दुसरे कडवे म्हणणारा कोण, बीट कोणाचा, हे रेकॉर्डिंग मिक्सटेपच्या आधीचे की नंतरचे, हे सांगणारा माणूस उरत नाही. आपला मित्र आज समोर बसून हे सांगू शकतो, ही आपल्या प्रकल्पाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. म्हणून डिस्क विकत घेण्याआधी त्याच्यासोबत बसण्याचे दिवस ठरवावेत, एकेक गाणे वाजवावे आणि तो जे बोलेल ते ध्वनिमुद्रित करावे. हे बोलणेही संग्रहाचाच भाग आहे.

नोंदी एका साध्या तक्त्यात कराव्यात आणि तो सीएसव्ही स्वरूपात ठेवावा. तक्त्यातील एक ओळ एका ध्वनिमुद्रणासाठी असावी, एका गाण्यासाठी नव्हे. म्युझिकब्रेन्झ या खुल्या माहितीसाठ्यात रचना, ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन हे तीन स्तर वेगळे ठेवले आहेत आणि तोच विचार येथे उपयोगी पडतो: लिहिलेले गाणे एक, त्याची रेकॉर्डिंग तीन, आणि त्यांपैकी एक रेकॉर्डिंग मिक्सटेपवर, सुट्या गाण्यात व अल्बमवर अशा तीन ठिकाणी प्रसिद्ध. रॅपमध्ये ही गुंतागुंत अधिक असते. डीजेने सादर केलेल्या मिक्सटेपवर गाणी एकमेकांत मिसळलेली असतात आणि मध्ये मध्ये डीजेच्या आरोळ्या असतात. तीच गाणी नंतर आरोळ्यांशिवायही बाहेर येतात. दोन्ही ठेवावीत. आरोळ्यांची आवृत्ती खालच्या दर्जाची समजून गाळली जाते, पण त्या काळी लोकांनी ऐकली ती तीच.

आयएसआरसी हा बारा अक्षरांचा क्रमांक प्रत्येक प्रसिद्ध ध्वनिमुद्रणाला दिलेला असतो आणि तो ध्वनिमुद्रणाचा असतो, वितरण सेवेचा नव्हे. नाहीसे झालेले दोन अल्बम दुसऱ्या सेवेमार्फत पुन्हा प्रसिद्ध करणार असाल तर जुनेच क्रमांक द्यावेत; नवे घेतल्यास एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन ओळखी तयार होतात आणि आधीच्या श्रवणसंख्येशी असलेला दुवा तुटू शकतो. शिव्या गाळलेली आवृत्ती, नुसता बीट किंवा नुसता आवाज यांना मात्र स्वतंत्र क्रमांक लागतो. जुने क्रमांक विक्रीच्या अहवालांत सापडतात.

तारखांबाबत एक सावधगिरी. फाइलवर दिसणारी तारीख ही बदल झाल्याची किंवा प्रत काढल्याची असते, रेकॉर्डिंगची नव्हे, आणि निष्काळजीपणे केलेल्या प्रतीत तीही पुसली जाते. म्हणून हलवाहलव करण्याआधी सर्व फाइलची नावे, आकार आणि तारखा यांची यादी काढावी. तारीख अंदाजे असेल तर तसे लिहावे, उगाच नेमका दिवस भरू नये.

शब्द मित्राकडूनच तपासून घ्यावेत. इंटरनेटवर चाहत्यांनी लिहिलेल्या रॅपच्या शब्दांत चुका असतात, आणि त्या एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर जात जात पक्क्या होतात. वहीत हाताने लिहिलेली पाने असतील तर ती स्कॅन करावीत, खाडाखोडीसकट. मुखपृष्ठांच्या मोठ्या आकाराच्या मूळ प्रती, कार्यक्रमांची पत्रके, जुन्या पोस्टचे स्क्रीनशॉट यांनाही जागा द्यावी. कॉर्नेल विद्यापीठाने २००७मध्ये हिप-हॉपचा संग्रह सुरू केला, त्यात ध्वनिमुद्रणांइतकीच सुरुवातीच्या काळातील कार्यक्रमांची पत्रकेही अभ्यासकांना महत्त्वाची वाटतात, कारण कोण कोणाबरोबर, कुठे आणि केव्हा सादर करत होते हे गाण्यांतून कळत नाही.

हे सर्व एकत्र बांधण्यासाठी बॅगइट वापरावे. ही फोल्डरची ठरावीक रचना आहे, २०१८मध्ये ती आरएफसी ८४९३ म्हणून प्रसिद्ध झाली, आणि ग्रंथालयांमध्ये तिचा सर्रास वापर होतो. आपण संगणक क्षेत्रातले आहात म्हणून थोडक्यात सांगतो: एका फोल्डरमध्ये मजकूर, शेजारी प्रत्येक फाइलच्या चेकसमची यादी. चेकसमसाठी शा-२५६ ही पद्धत निवडावी. मात्र लक्षात घ्यावे की फ्लॅकचा आतील एमडी५ टॅग बदलल्याने बदलत नसला तरी संपूर्ण फाइलचा शा-२५६ लगेच बदलतो. म्हणून बॅगमधील मूळ प्रतींना हात लावू नये आणि टॅग, मुखपृष्ठ वगैरे सजावट ऐकण्याच्या प्रतींवर करावी.

करारवाचक यांचे उत्तर

खुले करावे की बंद ठेवावे, यावर कोणीच बोललेले नाही. माझे मत स्पष्ट आहे: जतन सर्वच गाण्यांचे करावे, प्रसिद्धी मात्र कागद पाहून.

ध्वनिमुद्रणाचे हक्क आणि रचनेचे हक्क हे दोन वेगळे आहेत. मित्राने स्वतः रेकॉर्ड केले म्हणून ध्वनिमुद्रण बहुधा त्याचे आहे, पण बीट रचणाऱ्याचा रचनेत वाटा असतो आणि सहगायकांचाही. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या बीटचे साधे परवाने एकाच वेळी अनेकांना दिलेले असतात, त्यांत श्रवणसंख्येची किंवा मुदतीची मर्यादा असते, आणि मुदत संपल्यावर पुन्हा प्रसिद्ध करता येईल की नाही हे त्या कागदावरच लिहिलेले असते. सॅम्पलचा प्रश्न आणखी जुना आहे. अमेरिकेत १९९१च्या एका निकालात विनापरवाना सॅम्पल वापरल्याबद्दल न्यायालयाने रॅपर बिझ मार्की आणि त्याची कंपनी यांच्याविरुद्ध आदेश दिला, आणि त्यानंतर तेथील संपूर्ण उद्योगाची पद्धत बदलली. डे ला सोल या गटाचे सुरुवातीचे अल्बम सॅम्पलच्या परवान्यांच्या गुंत्यामुळे वर्षानुवर्षे स्ट्रीमिंगवर येऊ शकले नाहीत, ते २०२३च्या मार्चमध्ये आले. ते तर नावाजलेले, कंपनीचे पाठबळ असलेले कलाकार होते.

म्हणून तक्त्यात प्रत्येक ध्वनिमुद्रणापुढे तीन रकाने वाढवावेत: बीटचा परवाना कोणता व तो कुठे ठेवला आहे, सॅम्पल कोणते, आणि सहभागींची संमती आहे का. सॅम्पलची माहिती खरी लिहावी, पण ती सार्वजनिक तक्त्यात टाकू नये. सहभागींमध्ये हिश्शांबाबत तोंडी बोलणे झाले असेल तर ते आता एका पानावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. संग्रहाच्या निमित्ताने हे मागणे सोपे जाते.

जुनीटेप यांचे उत्तर

करारवाचक यांचा सल्ला कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आहे, परंतु तो अक्षरशः पाळला असता तर मिक्सटेपच्या काळातील बहुतांश संगीत आज उरलेच नसते, एवढे नोंदवावेसे वाटते.

मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमाने २०१९मध्ये मान्य केले की सर्व्हर बदलताना २०१५पर्यंत चढवलेले संगीत नष्ट झाले; पाच कोटींच्या आसपास गाणी गेली असा अंदाज तेव्हा मांडला गेला. त्यांतील सुमारे ४,९०,००० परत मिळाली ती कंपनीकडून नव्हे, तर काही संशोधकांनी २००८ ते २०१०च्या दरम्यान अभ्यासासाठी उतरवून ठेवलेल्या प्रतीतून, आणि ती इंटरनेट अर्काइव्ह या खुल्या डिजिटल ग्रंथालयावर आली. डॅटपिफ हे मिक्सटेपचे मोठे संकेतस्थळ २०२३मध्ये कोलमडले तेव्हा त्यावरील लाखो मिक्सटेप वाचल्या त्याही तिथेच. या दोन्ही वेळी अनेक कलाकारांनी स्वतः काहीच जपले नव्हते. अनोळखी लोकांच्या प्रती कामी आल्या.

यातून माझे म्हणणे इतकेच की ज्या गाण्यांत सर्व काही मित्राचे स्वतःचे आहे ती तरी इंटरनेट अर्काइव्हवर मूळ फ्लॅकसह, पूर्ण श्रेयांसह आणि नेमका परवाना लिहून टाकावीत, आणि ऐकणाऱ्यांना उतरवून घेण्याची स्पष्ट मुभा द्यावी. जुन्या चाहत्यांना आवाहनही करावे. ज्या मिक्सटेप मित्राकडे नाहीत त्या कोणाच्या तरी डिस्कवर हमखास निघतात, आणि कधी कधी त्याच्याकडच्या प्रतीपेक्षा चांगल्या.

मात्र इंटरनेट अर्काइव्ह हीच एकमेव प्रत असेही होऊ देऊ नये. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये सायबर हल्ल्यामुळे ते संकेतस्थळ बरेच दिवस बंद होते.

कोरीपाटी यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्रम आता स्पष्ट झाला: आधी सीडी, मग डिस्क, त्याच वेळी मित्राशी बोलणे, आणि सेशनांचे काम निवडक गाण्यांपुरते.

एक अडचण उरते. अगदी सुरुवातीच्या एका मिक्सटेपमधील काही गाण्यांची मित्राला आता लाज वाटते. त्यांत एका प्रतिस्पर्ध्याच्या कुटुंबाबद्दल आणि स्त्रियांबद्दल जे म्हटले आहे ते आज तो म्हणणार नाही, आणि ही गाणी संग्रहात ठेवूच नयेत, फाइलही पुसून टाकाव्यात, असा त्याचा आग्रह आहे. मला ते पटत नाही, पण गाणी त्याची आहेत. अशा वेळी अभिलेखाची रीत काय असते?

नोंदवही यांचे उत्तर

रीत अशी की जतन आणि उपलब्धता हे दोन निर्णय वेगळे ठेवायचे. बहुतेक अभिलेखागारांत बंद विभाग असतो. देणाऱ्याने घातलेली अट, उदाहरणार्थ 'माझ्या हयातीत कोणालाही ऐकवू नये', लेखी नोंदवली जाते आणि पाळली जाते. मित्रापुढे पुसणे किंवा प्रसिद्ध करणे असे दोनच पर्याय ठेवू नयेत, हा तिसरा ठेवावा. त्या फाइल कूटबद्ध करून वेगळ्या बॅगमध्ये ठेवाव्यात आणि किल्ली त्याच्याकडेच द्यावी. त्या गाण्यांवर त्याचे आजचे मत काय आहे, हे त्याच्याच आवाजात त्यांच्याशेजारी ठेवता येईल. पुढे कधी ती ऐकली गेलीच तर ते मतही ऐकले जाईल.

यानंतरही तो पुसाच म्हणाला तर त्याचा शब्द मोडू नये, असे मला वाटते. यावर माझ्या क्षेत्रात मतभेद आहेत, पण हयात कलाकाराच्या इच्छेविरुद्ध त्याच्याच घरातून केलेला संग्रह मला मान्य नाही. एकच अट घालावी: तक्त्यातील नोंद पुसू नये. मिक्सटेपवर चौदा गाणी होती आणि तीन कलाकाराच्या इच्छेने ठेवलेली नाहीत, असे लिहिलेले असावे. चौदाची अकरा केली आणि क्रमांक पुन्हा लावले तर पुढच्या अभ्यासकाला वाटेल की मिक्सटेप तेवढीच होती. शिवाय त्या तीन गाण्यांत दुसऱ्या कोणाचे कडवे असेल तर पुसण्याआधी त्यालाही विचारावे, कारण त्याच्यापाशी त्याची दुसरी प्रत नसेल.

ध्वनिपट्टी यांचे उत्तर

प्रती कुठे ठेवाव्यात, हे माझ्याकडून सांगायचे राहिले होते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम येथे चालतो: तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. आपल्या बाबतीत एक हार्ड डिस्क मित्राकडे, एक आपल्याकडे आणि एक प्रत क्लाउडवर, असे पुरे. एसएसडी कपाटात ठेवून विसरू नये, कारण दीर्घकाळ वीज न मिळाल्यास तिच्यातील माहिती क्षीण होत जाते. फोल्डर आपोआप जुळवणाऱ्या सेवेला प्रत मानू नये, कारण इकडे चुकून पुसले की ती तिकडेही इमाने इतबारे पुसते.

वर्षातून एकदा तिन्ही ठिकाणचे चेकसम तपासावेत आणि कुठे फरक पडला तर चांगल्या प्रतीवरून ती फाइल पुन्हा घ्यावी. हे काम आपण दोघांनी आळीपाळीने करावे, म्हणजे डिस्क कुठे आहेत आणि संकेतशब्द काय आहेत हे दोघांनाही ठाऊक राहील. कूटबद्ध बॅगेची किल्ली मित्रापश्चात कोणाकडे जाणार, हे त्याने आत्ताच लिहून ठेवावे. वितरण सेवेचे शुल्क कोणत्या कार्डावरून जाते आणि सूचना कोणत्या ई-मेलवर येतात, हेही त्याच कागदावर असावे. आपले दोन अल्बम गेले ते याच वाटेने, आणि ध्वनी कितीही चांगला जपला तरी त्या सूचना कोणी वाचत नसेल तर उरलेलेही तसेच नाहीसे होतील.